दुसऱ्या नाण्यावर ठरलेला खेळ

जळगाव, धुळे, भुसावळकडे बसस्टँडच्या आसपास व्हिडिओ गेमची पार्लरं होती, तेव्हा गेमची पारख एकाच मापाने व्हायची. हरल्यावर पोरगा पुन्हा खिशात हात घालतो, की सायकलवर टांग मारून निघतो? चित्रं भारी की साधी, याची चर्चा पोरं करत. मशीन ठेवायचं की परत पाठवायचं, हे मालक गल्ला बघून ठरवायचा. आज चांगल्या गेमची लक्षणं सांगताना कथा, संगीत, देखावे, मोकळीक अशी यादी होते. यादी खोटी नाही. पण हे गुण आले कुठून हे बघायचं तर पैसे कसे वसूल व्हायचे, ते आधी बघावं लागतं.

१९७२ साली अटारी कंपनीने ‘पाँग’ हे मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत बिघाडाची तक्रार आली. ते बनवणारे इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न उघडून बघतात तर नाण्यांचा डबा तुंबलेला. खेळायचं कसं, याची मुख्य सूचना एका वाक्यात मावायची: जास्त गुण हवेत तर चेंडू चुकवू नका. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल म्हणत, खेळ शिकायला सोपा हवा आणि हातात बसायला अवघड. आखाजीला (अक्षय तृतीयेला) दिवसभर पत्ते कुटणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा मोठा गुण सापडला तो अपघाताने. जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पडद्यावर ५५ शत्रू, आणि एवढ्यांना हलवताना मशीनचा दम निघायचा. गोळी लागून शत्रू कमी झाले की मशीनवरचा भार उतरायचा आणि उरलेले आपोआप जोरात पळू लागायचे. निशिकादोंनी हा दोष दुरुस्त केला नाही, तसाच ठेवला. जिंकत आलात तसा खेळ अंगावर येतो, ही चढती अडचण आज जवळपास प्रत्येक गेममध्ये असते. तिच्यातली गंमत अशी की शेवटचा शत्रू निसटला तर खेळणारा मशीनला नावं ठेवत नाही. हात आपलाच कमी पडला, हे त्याला दिसलेलं असतं. दुसरं नाणं पडतं ते इथे.

उलटं उदाहरणही अटारीचंच. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा, घरच्या टीव्हीला लावून खेळायचा गेम सुमारे पाच आठवड्यांत उरकला गेला. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा आणि का पडलो, हे त्याला उमगायचं नाही. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये त्या उकरूनही काढल्या.

आपल्याकडच्या पार्लरचा राजा मात्र ‘मुस्तफा’. कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेल्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’; ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून त्यातल्या एका टोपीवाल्या गड्याचं नाव अख्ख्या गेमला पडलं. तिघे मिळून खेळू शकत. लाइफ, म्हणजे गड्याला मिळालेले जीव, संपली की पडद्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे आणि शून्याच्या आत नाणं टाकलं तर मेलेला गडी तिथेच उठायचा. मागे उभी असलेली पोरं आकडे मोठ्याने मोजायची आणि त्यातलाच एखादा ‘आते मना नंबर शे’ (आता माझा नंबर आहे) म्हणत दांडा धरायला पुढे सरकायचा. माझ्या मते ‘मुस्तफा’ मोठा झाला तो या सोबतीमुळे. गेम म्हणून तो तितका सचोटीचा नव्हता. पुढच्या स्टेजचे बॉस, म्हणजे शेवटी येणारे मोठे शत्रू, कौशल्य तपासत नसत, खिसा तपासत. त्या मानाने मारामारीचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ सरळ. समोर माणूस, हरेल तो उठेल.

घरच्या टीव्हीला लागणारा गेम आला आणि नाण्याचा प्रश्न मिटला. निन्तेंदोचं मशीन जपानात १९८३ मध्ये निघालं. आपल्या बाजारात आल्या त्याच्या नकला. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. पैसे एकदाच घेतले म्हटल्यावर पोराला लवकर मारून निर्मात्याचा फायदा नव्हता. आता त्याला शिकवायला हवं होतं. ते ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने (१९८५) कसं केलं, ते त्याच्या पहिल्याच स्टेजच्या सुरुवातीच्या मिनिटात दिसतं. मारिओ डाव्या कडेला, पुढे सगळी मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. समोरून एक चिडका किडा चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात. तोटा काय, तर चार पावलं मागे. वर प्रश्नचिन्हाची वीट. तिला डोकं लागलं की मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून परत मारिओकडेच येतं. घाबरून उडी मारावी तर वरच्या विटा आड येतात, त्यामुळे ते अंगावर येतंच, आणि मारिओ मोठा होतो. एक शब्द न लिहिता शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सोबत्यांनी शत्रू कोण आणि खाऊ कोणता, हे सांगून टाकलं. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. जागा पुरेना म्हणून ढग आणि झुडपं एकाच आकाराची, फक्त रंग वेगळा.

त्यात सेव्ह, म्हणजे खेळ जिथे थांबला तिथून पुढे नेण्याची सोय, नव्हता. लोडशेडिंगच्या खान्देशात याचा अर्थ असा की सातव्या दुनियेत पोचलेला मारिओ दिवे गेल्यावर पुन्हा पहिल्या विटेखाली. म्हणून दुसऱ्या स्टेजच्या शेवटी छतावरून पळत जाऊन पाइपातून थेट चौथी दुनिया गाठायची वाट ज्याला ठाऊक, त्याला गल्लीत मान होता.

यात्रेत खेळण्यांच्या दुकानी मिळणारा ‘ब्रिक गेम’ हाही मोठ्या घराण्यातला. अलेक्सी पाजित्नोव यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये लिहिलेल्या ‘टेट्रिस’चीच ती नक्कल. मूळच्या संगणकाला चित्रं काढता येत नसल्याने विटा कंसांच्या खुणांनी दाखवल्या होत्या. कथा नाही, नायक नाही, जिंकणं तर नाहीच. सात आकाराच्या विटा आणि आपण लावलेला पसारा. चांगल्या गेमला देखणेपण लागतंच, असं म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

मग सायबर कॅफे आले आणि तासावर पैसे लागू लागले. ‘व्हाइस सिटी’ (२००२) तिथे चालला, कारण मिशन सोडून नुसतं गावभर गाडी फिरवली तरी तास वसूल व्हायचा. ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या गेममध्ये फेरी छोटी, मेलेला थोडा वेळ बघत बसायचा आणि बघताबघता शिकायचा.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गेम फुकट झाले. म्हणजे पैसे घेण्याची जागा बदलली. ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ संपल्या की एक परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. हे जुनं नाणंच. पण पार्लरच्या नाण्यामागे हात सुधारण्याची आशा तरी होती. इथे विकली जाते ती थांबण्यापासूनची सुटका. ‘पबजी मोबाईल’ने (२०१८) दुसरी वाट धरली. शंभर जण एका मैदानात उतरतात, खेळायचं वर्तुळ लहान होत जातं, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो; पैसे मोजून मिळतं ते मुख्यतः कपडे आणि बंदुकीचा रंग. शिरपूर-शहाद्याचा पोरगा ‘घरमा शे, घरमा शे!’ ओरडतो तेव्हा सोबत्याच्या बंदुकीचा रंग कामाला येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर भारतात बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ नावाने परतला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. जिंकल्यास पैसे मिळतील या आशेवर पैसे लावायला लावणारे खेळ त्याने बंद केले, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे गेमच्या कौशल्याच्या स्पर्धांना, मान्यता दिली. अर्ध्या तासाचं कुलूप लावून किल्ली विकणारे गेम मात्र या बंदीत येत नाहीत.