ऑक्टेन आणि ॲडिटिव्ह: प्रीमियम पेट्रोलच्या ब्रँडवरून चाललेला घोळ

‘दमदार गाडीला कुठल्या कंपनीचं प्रीमियम चांगलं?’ हा विषय निघाला की दोन टोळ्या हमखास समोरासमोर येतात. एक शपथेवर सांगते की अमुक ब्रँड भरल्यापासून गाडी वेगळीच पळते. दुसरी हसते आणि म्हणते, अरे, सगळं एकाच रिफायनरीतून येतं, पाटी तेवढी बदलते. पहिली टोळी बोलत असते ऑक्टेनबद्दल, दुसरी मूळ पेट्रोलबद्दल. ब्रँडचा जिथे खरोखर संबंध येतो त्या ॲडिटिव्हचं, म्हणजे पेट्रोलमध्ये वरून घातल्या जाणाऱ्या रसायनांचं, नाव कुणी काढतच नाही, त्यामुळे वाद काही मिटत नाही.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात जास्तीची हवा किती दाबाने भरतो ते, स्पार्कचं टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. एवढं धरून चालतो आणि ऑक्टेनची शाळा थोडक्यात उरकतो. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटलं तर इंजिन नॉक करतं. पेट्रोल हे असं पेटणं किती थोपवून धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरणारी ही पट्टी १९२० च्या दशकात ठरली, आजही तीच चालते.

या मापात काय येत नाही, ते मात्र सावकाश बघू, कारण लोक अडखळतात ते इथेच.

ऑक्टेनमध्ये पेट्रोलची ताकद मोजली जात नाही. पटत नसेल तर इथेनॉल घ्या. त्याचा ऑक्टेन, आरओएनच्या (रिसर्च ऑक्टेन नंबर, युरोपात पंपावर लिहितात तो आकडा) पट्टीवर, १०८ च्या आसपास. पण एका किलोत ऊर्जा सुमारे २७ मेगाजूल. साध्या पेट्रोलच्या एका किलोत ४३ च्या आसपास असते. म्हणजे ऑक्टेन भरपूर आणि ऊर्जा कितीतरी कमी. आकडा वाढला की ‘पेट्रोलमध्ये दम जास्त’ हे समीकरण इथेच कोसळतं. पंपावरच्या ९५ आणि ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जेचा जो काही फरक असतो तो नगण्य असतो, आणि तो ९८ च्याच बाजूने असेल असंही नाही.

मग ९८ भरल्यावर काही गाड्या खरंच जास्त जोर दाखवतात, ते कसं? तो जोर इंजिनाने काढलेला असतो. इंजिनावर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची चाहूल लागली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगी थोडी उशिरा टाकतो, टर्बो असेल तर बूस्टही उतरवतो, आणि पॉवर सोडून देतो. पेट्रोल दाब सोसणारं असेल तर तोच ईसीयू ठिणगी पुन्हा लवकर टाकायला लागतो. पण किती लवकर? कारखान्यात त्याच्या नकाशात (मॅपमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) जेवढी मुभा लिहून ठेवली आहे तेवढीच. ९८ साठी बेतलेल्या गाडीत ९५ भरलं तर नुकसान दिसतं, ९८ भरलं तर तिची ठरलेली पॉवर मिळते. ९१ वर भागणाऱ्या गाडीत ९८ ओतलं तर ईसीयूकडे त्याचं करायला काहीच नसतं. त्याची मर्यादा आधीच गाठलेली असते, वरचा ऑक्टेन नुसता जळून जातो.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१७ मध्ये ज्या गाड्यांना प्रीमियमची फक्त शिफारस आहे, सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या. सरासरी फायदा निघाला पॉवरमध्ये १.४ टक्के आणि मायलेजमध्ये २.७ टक्के. ‘गाडी नुसती उडायला लागली’ असं लिहिणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. दीड टक्का पॉवर बुडाखाली जाणवत नाही. जाणवतो तो खिशातून गेलेला पैसा, आणि तो वसूल झाला असं स्वतःला पटवून देणं माणसाला फार सोपं जातं. सक्ती असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. उंच कॉम्प्रेशन किंवा जबर बूस्ट असलेल्या इंजिनात कमी ऑक्टेन घालून, उन्हात, चढावर, भरल्या गाडीने पूर्ण थ्रॉटल देणं (ॲक्सिलरेटर पुरता दाबणं) हा शहाणपणा नाही. सेन्सर सांभाळून घेतो हे खरं, पण आधी नॉकिंग होतं आणि मग तो सावरतो.

थोडक्यात, ऑक्टेनचा प्रश्न आकड्याचा आहे. मॅन्युअलमध्ये जो आकडा लिहिला आहे तो पंपावर बघायचा आणि भरायचं. ब्रँडच्या नावावरून तो आकडा कळत नाही. शेलचं व्ही-पॉवर ब्रिटनमध्ये आरओएन ९९ ने विकलं जातं, जर्मनीत त्याच नावाच्या रेसिंग प्रकारात १०० मिळतो, अमेरिकेत पंपावर ९१ किंवा ९३ लिहिलेलं असतं. नाव तेच, पेट्रोल वेगळं. शिवाय अमेरिकेतला ९३ हा आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी असतो, युरोपच्या पट्टीवर तो साधारण ९८ भरतो. ‘तिकडे तीच गाडी ९१ वर चालते, आपल्याला कशाला ९५?’ असं म्हणणाऱ्यांनी आधी पट्टी कुठली ते बघावं. आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ‘हळू जळतं’ हेही सोडून द्या. आपोआप कधी पेटतं आणि ज्योत किती वेगाने पसरते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता दुसरी बाजू, जिथे ब्रँडला अर्थ आहे.

दुसऱ्या टोळीचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. मूळ पेट्रोल हा ठरलेल्या मापदंडाचा माल. अनेक कंपन्यांचं पेट्रोल एकाच पाइपलाइनमधून, एकामागोमाग, सामाईक टाक्यांपर्यंत येतं. कंपन्या आपसात अदलाबदलही करतात: इथे तू माझ्या टँकरला दे, तिथे मी तुझ्या टँकरला देतो. त्यामुळे ‘या कंपनीचं रिफायनिंगच वेगळं’ ही गोष्ट पंपावर उभ्या असलेल्या माणसासाठी बहुधा निरर्थक असते. पण टर्मिनलवर, म्हणजे या सामाईक टाक्या असतात त्या डेपोवर, टँकर भरताना त्या त्या कंपनीचं ॲडिटिव्ह मोजून त्यात सोडलं जातं. प्रमाण इवलंसं, दहा लाखांत काहीशे भाग. टाकी एकच, आणि तरी दोन टँकरमधला माल तंतोतंत एक नाही.

या ॲडिटिव्हमध्ये मुख्य असतो तो डिटर्जंट. त्याच्या रेणूचं एक टोक धातूवर आणि साचलेल्या थरावर चिकटतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं, आणि घाण सुटून जळून जाते. यात पॉलीइथरअमाइन हा प्रकार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. जुन्या पिढीतली काही डिटर्जंट व्हॉल्व्ह साफ करायची आणि ज्वलनकक्षात मात्र स्वतःचाच थर वाढवायची.

अमेरिकेत १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट सक्तीचं आहे. ती किमान मात्रा फारच तुटपुंजी आहे असं गाड्या बनवणाऱ्यांचं म्हणणं पडलं, आणि २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून ‘टॉप टिअर’ नावाचा वरचा दर्जा आणला. ट्रिपल एने २०१६ मध्ये तुलना केली तेव्हा हा दर्जा नसलेल्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपांवर) सरासरी १९ पट जास्त थर साचवला. ब्रँडब्रँडमध्ये फरक असतो का, याचं याहून ठणठणीत उत्तर मला माहीत नाही.

याच दर्जाची एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कंपनीला तो हवा असेल तर तिच्या सगळ्या ग्रेडमध्ये (साधं, प्रीमियम अशा प्रकारांत) ते डिटर्जंट घालावं लागतं, सगळ्यात स्वस्त ग्रेडमध्येसुद्धा. म्हणजे चांगल्या ब्रँडचं साधं पेट्रोल हे सुमार ब्रँडच्या प्रीमियमपेक्षा इंजिन जास्त स्वच्छ ठेवू शकतं. काही कंपन्या आपल्या प्रीमियममध्ये मात्रा आणखी वाढवतात, ते ठीक. पण ‘इंजिन साफ राहावं म्हणून अधूनमधून प्रीमियम भरतो’ हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी आहे. सफाई हवी तर ब्रँड बदला, ग्रेड कशाला बदलता?

पहिल्या टोळीसाठी एक सोपी कसोटी. डिटर्जंटचा परिणाम हजारो किलोमीटरमध्ये दिसतो, ऑक्टेनचा परिणाम ईसीयूने नवं पेट्रोल ओळखलं की दिसतो. ब्रँड बदलल्यावर पहिल्याच टाकीत पिकअप बदलला असेल तर तो ॲडिटिव्हमुळे नक्कीच नाही. आधीच्या आणि आताच्या पंपावरचे आकडे ताडून बघा. आकडा तोच असेल तर हवा त्या दिवशी थंड होती का तेही आठवा, टर्बो गाडीला थंड हवा फार मानवते. तरी उत्तर सापडलं नाही, तर फरक बहुधा चालवणाऱ्याच्या डोक्यात आहे.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत एक पेच आहे. त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शही होत नाही. तिथे साचणारा कार्बन मुख्यतः ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत आत सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या तेलाच्या वाफेचा असतो, आणि कितीही उंची पेट्रोल घाला, तो तसाच राहतो. अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून तो काढावा लागतो. तेव्हा अशा गाडीच्या मालकाला ‘आमचं पेट्रोल तुमचे व्हॉल्व्ह चकाचक ठेवतं’ ही जाहिरात लागूच पडत नाही. (पोर्ट, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारी, आणि डायरेक्ट अशी दोन्ही इंजेक्टर असलेली इंजिनं यातून सुटतात.) म्हणून डिटर्जंट निरुपयोगी, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. इंजेक्टरचं टोक आता ज्वलनकक्षातच असतं, भोकं केसाएवढी बारीक, दाब शेकडो बारचा. तिथे जरा थर बसला की फवारा बिघडतो आणि काजळी वाढते. ते टोक पेट्रोलनेच धुतलं जातं, म्हणून अशा इंजिनात मी ब्रँडच्या बाबतीत उलट जास्त चोखंदळ असतो.

ऑक्टेन आणि ॲडिटिव्ह या दोन गोष्टी एकाच ठिकाणी एकमेकींना भेटतात. ज्वलनकक्षात थर साचला की उष्णता अडकते, मोकळी जागा किंचित घटते आणि इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढते. नवी असताना ९५ वर गप्प असलेली गाडी पुढे त्याच ९५ वर कुरकुर करायला लागते, ती बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी लोक ऑक्टेन बूस्टरची बाटली आणतात. बाटलीवर ‘५ पॉइंट वाढ’ लिहिलेलं असतं आणि त्या धंद्यात पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. म्हणजे ९५ चं झालं ९५.५. या बाटल्यांचा मला मनापासून राग आहे. मँगनीज असलेल्या बाटल्यांचा तर जास्तच, कारण त्यांचा तांबूस थर स्पार्क प्लगवर बसतो.

रंगाबद्दल आणि वासाबद्दल बोलायचीही गरज नाही. रंग वरून घातलेला असतो.

एकाच आकड्याच्या दोन चांगल्या ब्रँडमध्ये मग काहीच फरक उरत नाही का? थोडा उरतो. एकाच्या ९८ मध्ये इथेनॉल असेल, दुसऱ्याच्या ९८ मध्ये नसेल. दहा टक्के इथेनॉलने लिटरमागची ऊर्जा साधारण तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे मायलेज किंचित उतरतं. त्याच वेळी इथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, मिश्रण थंड होतं, आणि टर्बो इंजिनाला ते आवडतं. पंपावर लिहिलेला आकडा ही किमान हमी असते, प्रत्यक्षात पेट्रोल त्याहून थोडं वरचं असू शकतं, हाही एक भाग.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी मॅन्युअलमधला आकडा, त्यात तडजोड नाही. मग डिटर्जंटचा दर्जा जाहीरपणे पाळणारा कुठलाही ब्रँड. अशा दोन ब्रँडमध्ये भांडत बसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यानंतर पंप. प्रीमियमचा खप कमी असतो, त्यामुळे ओस पडलेल्या पंपाच्या टाकीत ते जास्त दिवस पडून राहतं, हलके घटक उडून जातात, ऑक्सिडेशनने डिंक धरायला लागतो. गर्दीच्या पंपावरचं साधारण नावाचं ताजं पेट्रोल मला ओस पंपावरच्या नामांकित पेट्रोलपेक्षा बरं वाटतं.

अपवाद दोनच. गाडीचा ईसीयू एखाद्या ठरावीक पेट्रोलवर ट्यून करून घेतला असेल, जर्मनीत अराल या कंपनीच्या १०२ ऑक्टेनच्या पेट्रोलवर करतात तसा, तर तेच भरायचं, आणि ते मिळालं नाही तर ईसीयूत सौम्य मॅप लावेपर्यंत पाय हलका ठेवायचा. दुसरा अपवाद ट्रॅकचा. सलग पूर्ण थ्रॉटलमध्ये टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा तापते, आणि एरवी ९८ वर मजेत असणारं इंजिनही ठिणगी उशिरा टाकायला लागतं. तिथे १०० च्या वरचं पेट्रोल खरोखर कामाचं, फक्त त्यात इथेनॉल किती आहे ते बघून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांची मर्यादा घातलेली असते.