समरी आणि पॅराफ्रेज: गल्लत नेमकी कुठे होते?

इंग्रजीच्या पेपरात ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’, म्हणजे पॅराफ्रेज करा, असे दिसले की बरीच मुले समरी, म्हणजे सारांश, लिहून मोकळी होतात. समरी मागितली, तर पूर्ण उतारा थोडे शब्द बदलून पुन्हा उतरवतात. शब्द दोन्हीकडे आपलेच हवेत, म्हणून हा घोळ होतो. खरा फरक काय गाळायचे यात आहे. पॅराफ्रेजमध्ये एकही मुद्दा गाळायचा नाही. समरीत मात्र गाळावेच लागते.

हा उतारा घ्या: ‘ऑक्टोपसला तीन हृदये असतात. त्यांपैकी दोन रक्त कल्ल्यांकडे ढकलतात, तर तिसरे ते उरलेल्या शरीराला पुरवते. ऑक्टोपस पोहू लागला की हे तिसरे हृदय थांबते, म्हणून तो लवकर थकतो आणि पोहण्यापेक्षा तळाशी सरपटणे पसंत करतो.’

समरी: ‘पोहताना शरीराला रक्त पुरवणारे हृदय थांबत असल्याने ऑक्टोपस सहसा सरपटतो.’ कल्ल्यांकडची दोन हृदये गेली, थकवाही गेला. कारण आणि परिणाम राहिले, कारण उताऱ्याचा सगळा रोख तिकडेच आहे. ‘ऑक्टोपसला तीन हृदये असतात’ एवढेच लिहिले, तर वाक्य खरे असूनही समरी चुकली. पहिले वाक्य हाच मुख्य मुद्दा असे धरून चालणे ही इथली सर्वांत नेहमीची चूक.

पॅराफ्रेज: ‘कल्ल्यांपर्यंत रक्त पोचवायला ऑक्टोपसकडे दोन हृदये आहेत आणि बाकी अंगासाठी आणखी एक. पोहताना नेमके हे एकटेच बंद पडते. त्यामुळे त्याला पटकन दम लागतो. तळावरून सरपटत जाणेच त्याला बरे वाटते.’ लांबी जवळपास मूळ उताऱ्याइतकीच आहे आणि मुद्दे सगळे आहेत.

आता फसलेला पॅराफ्रेज पाहा: ‘त्यांपैकी दोन रुधिर कल्ल्यांकडे लोटतात, तर तिसरे ते बाकीच्या देहाला पुरवते.’ वाक्याचा सांगाडा तोच, फक्त ‘रक्त’च्या जागी ‘रुधिर’, ‘शरीरा’च्या जागी ‘देह’ असे शब्द बसवले. कोश उघडून एकेक शब्द बदलत गेले की असे होते. वर इंग्रजीत भलताच समानार्थी शब्द घुसला, तर अर्थही बिघडतो. शब्दांआधी वाक्याची सुरुवात बदला: कारण आधी असेल तर परिणामापासून सुरू करा, दोन वाक्ये जोडा किंवा एक तोडा. ‘ऑक्टोपस’, ‘हृदय’, ‘कल्ले’ हे शब्द मात्र तसेच ठेवा. विषयाच्या संज्ञांना पर्याय शोधत बसायचे नसते.

हमखास उपयोगी पडणारी रीत अशी: उतारा दोनदा वाचा, झाका आणि मग लिहा. पाहून लिहिले की मूळ वाक्य हाताखालून निसटत येतेच. लिहून झाल्यावर उतारा उघडून ताडून बघा. पॅराफ्रेज असेल, तर मूळचा प्रत्येक मुद्दा आला का ते मोजा. संज्ञा सोडून सलग तीन-चार शब्द जसेच्या तसे सापडले, तर वाक्य नव्याने रचा किंवा तेवढ्या शब्दांना अवतरणचिन्हे द्या.

समरीसाठी झाकण्याआधी एक काम जास्त. उदाहरणे, पुनरुक्ती आणि वर्णने यांवर पेन्सिलीने काट मारा. उरलेल्यातून कोण, काय आणि का एवढे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. परिच्छेद एकच असेल तर मूळ लांबीच्या सुमारे एक तृतीयांशात थांबा. पूर्ण प्रकरणाची समरी याहून कितीतरी आखूड होते. गोष्टीची समरी इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात लिहायची पद्धत आहे, मूळ गोष्ट भूतकाळात असली तरी. आणि ‘मला हा उतारा आवडला’ हे वाक्य समरीत नको. पॅराफ्रेजमध्येही नकोच.

कवितेची अवघड ओळ, व्याख्या किंवा नियम समजल्याचे दाखवायचे असेल तर पॅराफ्रेज करा, कारण तिथे एक अट सुटली तरी अर्थ पालटतो. निबंधात आधार म्हणून अख्खा लेख आणायचा असेल तर समरी पुरते. दोन्ही ठिकाणी शब्द तुमचे असले तरी विचार दुसऱ्याचा असतो, म्हणून मूळ लेखकाचे नाव द्यावेच लागते.