योगवर्गातील संस्कृत संज्ञा

योगवर्गातील संस्कृत संज्ञा : आसने, श्वसन, बंध (शरीराचा ठरावीक भाग आवळून धरणे), मुद्रा आणि साधनेच्या पायऱ्या शिकवताना योगशिक्षक वापरतात ते शब्द. पातंजल योगसूत्रे, स्वात्मारामांची हठप्रदीपिका (सु. पंधरावे शतक) आणि घेरंडसंहिता हे त्यांचे मुख्य आधार. हठप्रदीपिकेत १५, घेरंडसंहितेत ३२ आसने वर्णिली आहेत. आज वर्गात कानावर पडणारी कितीतरी नावे त्यानंतरची आहेत. साताऱ्या-सांगलीतल्या शिक्षकाला हे शब्द परके वाटत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. ते रोजच्या बोलण्यात आहेत, पण त्यांचा अर्थ सरकलेला आहे.

प्राणायामात श्वास आत घेणे म्हणजे पूरक, कोंडून धरणे म्हणजे कुंभक आणि सोडणे म्हणजे रेचक. मराठी माणसाला ‘पूरक’ शब्द आहारामुळे माहीत असतो आणि ‘रेचक’ जुलाबाच्या औषधामुळे. म्हणून पहिल्या दिवशी ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ असे सांगावे आणि संज्ञा जोडीला ठेवावी. अष्टांगयोगाचे दुसरे अंग म्हणजे नियम, त्यांतले ‘शौच’ म्हणजे शरीर-मनाची शुचिता. बोलीत त्याचा अर्थ पार आक्रसला आहे. ‘धारणा’ म्हणजे मत किंवा समजूत नव्हे, चित्त एका ठिकाणी बांधणे. ‘समाधी’चे तर विशेष आहे. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन आलेल्या माणसाला समाधी म्हणजे संतांचे अंतिम विसाव्याचे स्थान. अष्टांगयोगातले आठवे अंग मात्र चित्ताची अवस्था आहे. दोन्ही अर्थ एकाच मुळातले आहेत, तेव्हा वर्गात दोन्ही सांगून टाकलेले बरे.

आसनांची नावे बहुधा जोडशब्द असतात, आणि थोडेसे घटक कळले तरी अनोळखी नावही उलगडते. पाद, हस्त, शीर्ष ओळखीचे. जानु म्हणजे गुडघा, अंगुष्ठ म्हणजे अंगठा. अर्ध, बद्ध, सुप्त (निजलेले), उपविष्ट (बसलेले), परिवृत्त (पीळ दिलेले), ऊर्ध्व (वर), अधस् (खाली) हे शब्द स्थिती सांगतात. संधीही समजून घ्यावा. धनुस् आणि आसन मिळून ‘धनुरासन’ होते. कानावर येणारे ‘धनुषासन’ चुकीचे आहे. ‘उत्तान’ म्हणजे ताणलेले, तसेच पाठीवर पसरलेले. आपला ‘उताणा’ त्यातूनच आला. हठप्रदीपिका शवासनाचे वर्णन ‘उत्तानं शववद् भूमौ शयनम्’ असे करते, म्हणजे मृताप्रमाणे जमिनीवर उताणे निजणे. खटावच्या शेतकऱ्यालाही एवढी ओळ समजावून सांगावी लागत नाही. ‘पश्चिमोत्तानासन’ ऐकून मात्र काही जण मावळतीकडे तोंड करून बसतात. उगवतीकडे तोंड केले की शरीराची पुढची बाजू पूर्व आणि पाठीची बाजू पश्चिम, असा तो हिशेब आहे. टाचेपासून डोक्यापर्यंतच्या मागच्या बाजूला ताण देणारे ते आसन. हठप्रदीपिकेत त्याचे नाव ‘पश्चिमतान’ आहे.

काही नावे नाथयोग्यांची आहेत. मत्स्येंद्रासन हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशात (प्रकरणात) येते, आणि वर्गात शिकवतात ते बहुधा त्याचे सोपे रूप, अर्धमत्स्येंद्रासन. वाळवे तालुक्यातल्या मच्छिंद्रगडावर मच्छिंद्रनाथांचे मंदिर आहे, तर नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांचे. सांगली जिल्ह्यातल्या शिक्षकाने आसन सांगताना गडाचे नाव घेतले की विद्यार्थी ते विसरत नाहीत.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या बैठका असतात, हे ज्यांनी ज्ञानेश्वरी वाचली आहे त्यांना चटकन जाणवते. आज वज्रासन म्हणजे पाय दुमडून टाचांवर बसणे, जेवणानंतर करावे म्हणून सांगतात ते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र टाच शिवणीला (गुद आणि जननेंद्रिय यांमधल्या जागेला) लावून बसण्याच्या स्थितीला मूळबंध म्हटले आहे, आणि तिचेच गौण नाव वज्रासन दिले आहे. हठप्रदीपिकाही सांगते की सिद्धासनालाच काही जण वज्रासन म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या त्याच अध्यायात जालंधर बंध (हनुवटी छातीशी टेकवणे) आहे, आणि उड्डियान बंध (पोट आत ओढणे) ‘वोढियाणा’ या मराठी रूपात आहे. ही परिभाषा मराठीत तेराव्या शतकापासून नांदते आहे. म्हणून ‘बंध’ शिकवताना मला दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाआधी ज्ञानेश्वरी उघडावीशी वाटते.

सातारा जिल्ह्याचा सर्वांत मोठा वाटा सूर्यनमस्काराचा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तो स्वतः आयुष्यभर घातला, संस्थानच्या शाळांत लावला आणि त्याचा देशाबाहेरही प्रचार केला. त्यांच्याच आश्रयाने पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला राहिले. १९४८ मध्ये पारडीला जाईपर्यंत त्यांचे स्वाध्याय मंडळ इथूनच वेदवाङ्मय प्रसिद्ध करत होते. घरबसल्या संस्कृत शिकवणारी त्यांची पुस्तके आजही योगशिक्षकाच्या कामाची आहेत.

नमस्काराच्या बारा मंत्रांत सूर्याची बारा नावे चतुर्थी विभक्तीत येतात : मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय, प्रत्येकापुढे नमः. मूळ शब्द मित्र, रवि, भानु, पूषन्, मरीचि, सवितृ असे आहेत हे कळले की रूपे आपोआप जुळतात, कारण आठवीत ‘रामाय नमः’ शिकलेल्याला ही विभक्ती नवी नसते. घाईत ‘पूष्णे’चा ‘पुष्णे’ आणि ‘मरीचये’चा ‘मरिचये’ होतो. रथसप्तमीला शाळेच्या पटांगणावर शेकडो मुले एका सुरात म्हणतात तेव्हा पुढे उभ्या शिक्षकाचा ऱ्हस्व-दीर्घच सगळे उचलतात, म्हणून तो नेमका हवा.

उच्चारात महाराष्ट्राची वहिवाट मोडण्याचे कारण नाही. ‘ज्ञानमुद्रा’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो, ‘वृक्षासना’तला ऋ ‘रु’सारखा काढतो, समोरच्याला तेच कळते. मात्र ‘जानुशीर्षासना’तला ज ‘जीवन’मधला, ‘जागा’मधला नव्हे, तसेच ‘चक्रासना’तला च ‘चरण’मधला, ‘चमचा’मधला नव्हे. ‘शीर्ष’ आणि ‘शलभ’ यांतला श ‘स’कडे झुकू देऊ नये. शयनस्थिती (उताणे), विपरीत शयनस्थिती (पालथे), बैठकस्थिती आणि दंडस्थिती (उभे) या चार पूर्वस्थितींची नावे मराठी वर्गांत रुळली आहेत. नवशिक्या शिक्षकाने आधी ती पाठ करावीत, कारण प्रत्येक आसनाची सूचना तिथूनच सुरू होते.