शरीरपरिवर्तन, ऐच्छिक व टोकाचे : नैतिक विचार

आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंग असे कारण नसताना सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने शरीरात करून घेतलेला, सहसा परत न फिरणारा बदल आणि त्याविषयीचा नीतिविचार. इंग्रजीतून आलेली ‘बॉडी मॉडिफिकेशन’ ही संज्ञा मुंबईतील टॅटू स्टुडिओंत सर्रास ऐकू येते. जीभ उभी चिरून दुभंगणे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात शाई भरणे, कातडीखाली सिलिकोनचे उंचवटे बसवणे, कातडी कापून किंवा डागून व्रणांची नक्षी उठवणे, कान अथवा स्तनाग्रे काढून टाकणे, हौसेखातर पायाची हाडे कापून उंची वाढवणे आणि निरोगी अवयवाचा विच्छेद हे यातले टोकाचे प्रकार होत. कान-नाक टोचणे व गोंदणे येथे तुलनेपुरतेच आले आहे.

‘टोकाचे’ कशाला म्हणायचे ही रेषा स्थिर नाही. तान्ह्या मुलाचे कान टोचणे महाराष्ट्रात कुणालाही आक्षेपार्ह वाटत नाही, आणि ते काम सोनाराचे यावरही एकमत आहे. कर्णवेध हा संस्कार बहुतेक प्राचीन गृह्यसूत्रांत (घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांत) आढळत नाही. धर्मशास्त्रात तो उशिरा आलेला दिसतो. त्याचा वैद्यकीय विधी मात्र सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तपशिलाने दिलेला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षी, बाळाला मांडीवर घेऊन खेळवत असताना कानाची पाळी ताणून धरावी, सूर्यप्रकाशात जेथे निसर्गतःच छिद्रासारखी पातळ जागा दिसते तेथे टोचावे, मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, मग कापसाची वात घालून तेल सोडावे, असा क्रम आहे. हेतू ‘रक्षाभूषणनिमित्तं’ म्हणजे रक्षण आणि भूषण असा जोडीने सांगितला आहे. पुढे छिद्र टप्प्याटप्प्याने वाढवण्याची रीत येते आणि लगेच फाटलेल्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार येतात. शोभेसाठी केलेल्या बदलाची दुरुस्ती हा शस्त्रक्रियेचा मान्य विषय होता, हे नीतिविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संहितेचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा धरला जातो. तिचा शेवटचा भाग, उत्तरतंत्र, मागाहून जोडला गेला, हे बहुतेकांना मान्य आहे. नेपाळमध्ये मिळालेली ताडपत्रावरील जुनी पोथी इ.स. 878 ची आहे. सध्याच्या स्वरूपातील ग्रंथासाठी उशिराचा काळ अधिक संभवनीय वाटतो.

टोकाच्या बदलाचे सर्वांत चर्चित भारतीय उदाहरण नाथपंथी कानफाट्यांचे. दीक्षेच्या वेळी कानाची पाळी न टोचता मधली कूर्चा (मऊ हाड) दुधारी सुरीने चिरतात, जखमेत कडुनिंबाची काडी ठेवतात आणि जखम भरल्यावर मोठी कुंडले घालतात. या जागी नाडी असते आणि ती छेदल्याने योगसिद्धी सुलभ होते, अशी पंथात श्रद्धा आहे. प्रथेचे मूळ परंपरा शिवाकडे, मत्स्येंद्रनाथांकडे किंवा गोरक्षनाथांकडे नेते. घारापुरी, साष्टी व वेरूळ येथील शिवमूर्तींच्या कानांतील मोठी कुंडले हा तिच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून काही जुन्या अभ्यासकांनी पुढे केला, आणि त्यावरून ती इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपास रूढ असावी असे मांडले गेले. हा पुरावा टिकाऊ नाही. लेण्यांतील मूर्तींची लांबलेली पाळी ही त्या काळच्या सर्वसाधारण आभूषणपद्धतीची खूण आहे. बुद्धमूर्तींतही ती दिसते. कूर्चा चिरल्याचा निर्वाळा तीवरून देता येत नाही. योगपरंपरेचे अभ्यासक जेम्स मॅलिन्सन यांनी चित्रे व ग्रंथ तपासून दाखवले की सुमारे अठराव्या शतकापर्यंतच्या चित्रांत योग्यांची कुंडले पाळीतच आहेत. कूर्चेतून घालण्याची रीत, निदान सार्वत्रिक रीत म्हणून, त्यानंतरची असावी. चित्रकार संकेतानुसार पाळीच रंगवत राहिले असतील अशी शंका घेता येते; तरीही मॅलिन्सन यांचे मत अधिक ग्राह्य आहे.

या वादाचा नीतीशी संबंध असा की, ‘परंपरेने चालत आले म्हणून क्षम्य आणि काल सुरू झाले म्हणून विकृत’ हा निकष कालगणना बदलताच कोसळतो. अडीचशे वर्षांची प्रथा आदरणीय ठरत असेल, तर साधारण 2007 पासून उत्तर अमेरिकेतून पसरलेली डोळ्यात शाई भरण्याची पद्धत केवळ नवेपणामुळे त्याज्य ठरत नाही. ती धोक्यामुळे त्याज्य ठरू शकते. नाथपंथाकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कान न चिरलेल्या साधकाला तेथे ‘औघड’ म्हणतात. ही पायरी मान्य असून काही साधक आयुष्यभर औघडच राहतात. निर्णय पक्का होण्यासाठी अवकाश, आणि मागे राहणाऱ्यालाही पंथात जागा, ही सोय आजच्या बाजारू व्यवहारात दिसत नाही.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच चर्चेत येतो. टिपूच्या सैनिकांनी नाक व एक हात कापलेल्या कावसजी या कंपनीच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळ एका स्थानिक कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीचे नाक बसवून दिले. हे वृत्त 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात आले आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या इंग्लिश शल्यचिकित्सकाने ती पद्धत वापरून पाहिली. ही सुश्रुताची अखंड परंपरा, असे अभिमानाने लिहिले जाते. परंतु सुश्रुत गालाची कातडी घ्यायला सांगतो आणि पुण्याचा वैद्य कपाळाची घेत होता. मधल्या शतकांचा दुवाही क्षीण आहे. स्वतंत्र कारागीर-परंपरा मानणे अधिक सुरक्षित. नाक नसतानाही माणूस श्वास घेतो व जगतो. तरी त्याची अब्रू परत देणे हा ‘उपचार’ मानला गेला, म्हणजे दिसण्यातून मिळणारे समाधान वैद्यकीय लाभात धरण्याची प्रथा सौंदर्यशस्त्रक्रियेहून बरीच जुनी आहे.

तात्त्विक बाजू थोडक्यात अशी. जॉन स्टुअर्ट मिलच्या (1859) मांडणीप्रमाणे स्वतःच्या शरीरावर व्यक्तीचीच सत्ता चालते आणि दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाने हात घालू नये. कांटच्या मते (1797) निरोगी अवयव काढून टाकणे हा अंशतः आत्मघात होय. स्वतःकडे निव्वळ साधन म्हणून पाहण्याचा अधिकार माणसाला नाही. भारतीय विचारात देह हे धर्माचे पहिले साधन आहे, ते राखावे, असा सूर प्रबळ असला तरी तपासाठी देह झिजवण्याचा गौरवही तितकाच आहे. त्यामुळे ‘आपल्या संस्कृतीला हे मान्य नाही’ असे सरसकट विधान करता येत नाही. जिवंत दात्याने मूत्रपिंड देणे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने वैध आहे. तेथे निरोगी शरीरावरची सुरी आपल्याला खटकत नाही, कारण लाभ कुणाला होतो ते दिसते. टोकाच्या शरीरपरिवर्तनात लाभ फक्त करून घेणाऱ्याच्या मनात असतो. खरा पेच इथे आहे, आणि ‘तो लाभ खोटा’ असे दुसऱ्याने परस्पर ठरवणे योग्य नाही.

हा पेच सर्वांत तीव्र होतो तो अवयवविच्छेदात. काही व्यक्तींना आपला निरोगी हात वा पाय आपला वाटतच नाही आणि तो काढून टाकण्याची आस लहानपणापासून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (2022 पासून लागू) ‘बॉडी इंटिग्रिटी डिस्फोरिया’ या नावाने ही अवस्था नोंदली आहे. स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाने 1997 व 1999 मध्ये दोन पुरुषांचे निरोगी पाय त्यांच्या विनंतीवरून कापले. पुढे रुग्णालयाने अशा शस्त्रक्रियांना मनाई केली. समर्थकांचा मुद्दा असा, की नकार मिळालेली माणसे तो अवयव स्वतःच निकामी करण्यासाठी रेल्वेरुळांचा किंवा बर्फाचा आधार घेतात. विरोधकांचा असा, की मनाचे दुखणे शरीर कापून बरे करण्याआधी बाकीचे सारे मार्ग संपले पाहिजेत.

भारतीय कायदा या प्रश्नाकडे ‘संमती’च्या वाटेने जातो. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 87, आता भारतीय न्याय संहितेचे (1 जुलै 2024 पासून) कलम 25, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिलेली इजा गुन्हा मानत नाही. दृष्टान्त दिला आहे तो करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचा. मात्र मृत्यू किंवा ‘जबर दुखापत’ घडवण्याचा हेतू वा जाणीव असेल तर ही सवलत नाही. जबर दुखापतीच्या व्याख्येत (जुने कलम 320, नवे 116) अवयव गमावणे, त्याची शक्ती कायमची क्षीण होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे आणि दात मोडणेही येते. संमतीने कान कापणारा म्हणूनच कायद्याच्या कक्षेत येतो. दुभंगलेल्या जिभेबाबत युक्तिवाद दोन्ही बाजूंनी करता येईल, कारण जीभ तोंडात असते आणि बोलणे बहुधा पूर्ववत होते. पुढचे कलम (जुने 88, नवे 26) व्यक्तीच्या हितासाठी, सद्भावनेने, संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण देते. सौंदर्यशस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. ‘हित’ म्हणजे केवळ आर्थिक लाभ नव्हे, एवढेच संहिता सांगते. मानसिक समाधान हित ठरते का, हे कलमात लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये 1993 च्या ब्राउन खटल्यात (लैंगिक सुखासाठी एकमेकांना इजा करणाऱ्या पुरुषांविरुद्धच्या) संमतीचा बचाव नाकारला गेला, 1996 मध्ये पत्नीच्या इच्छेवरून तिच्या अंगावर आद्याक्षरे डागणाऱ्या पतीला सोडून देण्यात आले, आणि 2018 मध्ये कान व स्तनाग्र काढणे आणि जीभ चिरणे यांसाठी ग्राहकाची संमती पुरेशी नाही असा निर्णय झाला. या तीन निकालांची संगती लावणे अवघड आहे.

स्वतःच्या देहावर हक्क किती, यावर मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्येच मूलगामी भूमिका घेतली होती. मारुती श्रीपती दुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम 309 घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात विरुद्ध मत दिले. पुढे 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाच्या हक्कात देहाची स्वायत्तता आणली.

मुंबईतील व्यवहार प्रामुख्याने वांद्रे-अंधेरी पट्ट्यातील स्टुडिओंत आणि तोंडी ओळखीतून चालतो. डिसेंबर 2024 मध्ये तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे जीभ दुभंगून देणाऱ्या स्टुडिओच्या चालकाला अटक झाली. त्याने स्वतःचे डोळे मुंबईत रंगवून घेतले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत नमूद आहे. यातील व्यावहारिक पेच जिभेच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. मध्यरेषेवर चिरताना बाजूच्या धमनीला धक्का लागला तर रक्त पटकन थांबत नाही. टाके नीट पडले नाहीत तर दोन्ही भाग मागून पुन्हा जुळू लागतात. भूल न देता हे करणे क्रौर्य आहे. भूल दिली तर ती परवान्याविना वैद्यकी ठरते, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या (2019) कलम 34 प्रमाणे तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ज्याला ते सुरक्षितपणे जमते तो शल्यचिकित्सक परवान्याच्या भीतीने नाही म्हणतो, आणि कारागीर जितकी काळजी घेईल तितका अधिक दोषी ठरतो. सरसकट बंदीने हा व्यवहार संपत नाही, तो निर्जंतुकीकरणाच्या यंत्रापासून दूर आडोशाला जातो.

दोन प्रकार या चर्चेतून काटेकोरपणे वेगळे ठेवले पाहिजेत. दाऊदी बोहरा समाजातील मुलींचा खतना (जननेंद्रियाचा भाग कापणे) साधारण सातव्या वर्षी होतो. तेथे संमतीच नसल्याने तो ऐच्छिक नव्हे. त्याविरुद्धची 2017 ची याचिका पुढच्या वर्षी मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आली. दुसरा प्रकार लिंगभावाला अनुरूप शस्त्रक्रियांचा. त्या मान्य उपचार आहेत. बीडमधील एका पोलीस कर्मचाऱ्यावर 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झाली. ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरील 2014 च्या नाल्सा निकालात म्हटले आहे. हिजडा समाजातील ‘निर्वाण’ (पुरुषी जननेंद्रिय काढून टाकण्याचा विधी) पूर्वी दाईच्या हातून होत असे. तेथील जिवाचा धोका हा प्रशिक्षित हात न मिळण्याचा परिणाम होता.

धार्मिक कृत्यांसाठी महाराष्ट्राने वेगळी वाट काढली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात मुलांचे कान-नाक टोचणे आणि जैनांचे केशलोचन (डोक्याचे केस हाताने उपटणे) यांना स्पष्ट सूट आहे. अंगात गळ टोचून बगाडावर, म्हणजे उंच खांबाच्या आडव्या लाकडावर, लटकणे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत बंद पाडले गेले. वाईजवळील बावधनच्या यात्रेत आज बगाड्याला दोरांनी बांधतात.

वैद्यकीय नीतीवर मुंबईत 1993 पासून एक नियतकालिक चालते. अशा प्रश्नांच्या चर्चेसाठी ती सर्वांत जवळची जागा. स्टुडिओत सही करून घेतला जाणारा संमतीचा फॉर्म जबर दुखापतीच्या आरोपातून कारागिराला वाचवत नाही, ग्राहकालाही त्यातून उपचाराची हमी मिळत नाही. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर तो पालिकेच्या रुग्णालयातील अपघात विभागात येतो आणि पोलीस केस होईल या धास्तीने खोटे कारण सांगतो. परमानंद कटारा खटल्यात (1989) सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक येथे लागू आहे: आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर.