घरसामानाचे स्थलांतर : वाहन परवाने व कायदेशीर अटी (नाशिक)

एका घरातील वापरातले सामान भाड्याच्या मालवाहू वाहनाने दुसऱ्या घरी नेताना वाहनमालक, वाहतूकदार आणि सामानाचा धनी या तिघांवर कायद्याने येणारी बंधने, म्हणजे घरसामान स्थलांतराच्या कायदेशीर अटी होत. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस व करन्सी नोट प्रेस, देवळाली परिसरातील लष्करी आस्थापना, ओझरचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांमुळे नाशिकमध्ये बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबे नेहमीच असतात. घर हलवण्यासाठी नागरिकाला कोणताही स्वतंत्र सरकारी परवाना लागत नाही. परवाना लागतो तो वाहनाला आणि नोंदणी लागते ती वाहतूकदाराला. तरीही कागद अपुरे म्हणून गाडी रस्त्यात अडवली गेली, की दोष कोणाचाही असो, अडकून पडतो तो त्या कुटुंबाचा संसार. म्हणून या अटी सामानाच्या धन्यालाही माहीत असायला हव्यात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार परिवहन वाहन परवान्याशिवाय रस्त्यावर वापरता येत नाही. मात्र ज्याचे एकूण वजन, म्हणजे गाडी व भार मिळून, ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, अशा मालवाहू वाहनाला याच कलमाने परवान्यातून सूट दिली आहे. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा छोटा टेम्पो या सवलतीत बसतो. टाटा ४०७ किंवा आयशरसारखा मोठा टेम्पो बसत नाही, आणि पिकअपच्या बाबतीत नोंदणी प्रमाणपत्रावरचे वजन पाहूनच ठरवावे लागते. ही सूट केवळ परवान्यापुरती आहे. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र (फिटनेस), विमा, पीयूसी म्हणजे प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र आणि कर यांतून लहान टेम्पोचीही सुटका नाही.

सूट नसलेल्या वाहनाला मालवाहू परवाना घ्यावा लागतो व त्याची मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. राज्याबाहेर जाणाऱ्या ट्रकसाठी राष्ट्रीय परवाना असतो. या परवान्याची एक अट घरसामानाच्या व्यवहारात वरचेवर मोडली जाते : राष्ट्रीय परवान्यावरील वाहनाला स्वतःच्या राज्याखेरीज अन्य राज्यातील दोन ठिकाणांमध्ये माल चढवता-उतरवता येत नाही. सुरतेहून माल घेऊन आलेला गुजरातचा ट्रक परतताना नाशिकचे सामान सुरतेला नेऊ शकतो. तोच ट्रक नाशिकचे सामान पुण्याला नेऊ लागला, तर परवान्याचा भंग होतो. परतीच्या गाडीचे भाडे स्वस्त पडते हे खरे, पण गाडी कोणत्या राज्याची आहे हे तिच्या क्रमांकावरून पाहिल्याशिवाय तो सौदा करू नये.

नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-१५ आणि मालेगावचा एमएच-४१ आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी वाहनातून भाडे घेऊन सामान नेणे बेकायदेशीर आहे. योग्यता प्रमाणपत्र वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी नवे करावे लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवरील कागद तपासणीत ग्राह्य धरले जातात. चालकाच्या परवान्याबाबतचा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटवला : हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला एकूण ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते.

जादा भाराला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. घरसामान मात्र वजनाने क्वचितच हद्द ओलांडते. ते ओलांडते आकाराने. गाद्या, कपाटाचे पल्ले, पलंगाच्या फळ्या हौद्याबाहेर डोकावू लागल्या, की बाजूने, मागेपुढे वा उंचीत बाहेर आलेल्या भाराचे पोटकलम लागू होते, आणि तिथेही दंड २०,००० रुपयांचाच आहे. एका खेपेत सगळे कोंबण्याचा हट्ट त्यामुळे महागात पडू शकतो.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. सामानाबरोबर हौद्यात घरची मंडळी बसवण्याची पद्धत अजूनही दिसते. मोटार वाहन अधिनियमाच्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर वाहनाच्या सक्तीच्या विम्यात मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला. परंतु मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा रानी प्रकरणात २००२ मध्ये स्पष्ट केले. पोराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना ट्रकच्या मागे बसवून कसारा घाट उतरणे हा केवळ नियमभंग नव्हे. अपघात झाल्यास त्या कुटुंबाला विम्याचा आधारही राहत नाही.

शहरात अवजड वाहनांना कोणत्या रस्त्यांवर आणि कोणत्या वेळी बंदी असेल, हे पोलीस आयुक्तालयाच्या अधिसूचनांनी ठरते व ते वेळोवेळी बदलते. म्हणून ट्रक ठरवण्याआधी वाहतूक शाखेकडे चौकशी करणे इष्ट ठरते. भद्रकाली, जुने नाशिक आणि पंचवटीच्या जुन्या गल्ल्यांत आयशर शिरतच नाही. तेथे वाड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत छोट्या हत्तीच्या खेपा कराव्या लागतात आणि हा खर्च आधी बोलून घेतलेला बरा. सिंहस्थ कुंभमेळ्यात निर्बंध अधिक कडक होतात. २०१५ च्या पर्वण्यांना, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, बाहेरून येणारी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवरच थांबवली जात होती. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास घर हलवण्याचा बेत शक्यतो करू नये.

पूर्वी महापालिकेच्या हद्दीवर जकात नाके होते. नाशिकमध्ये २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या करव्यवस्थेतील ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन दाखला, वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती सामानाला लागत नाही. वस्तू व सेवा कर नियमांपैकी नियम १३८ च्या परिशिष्टात ही सूट स्पष्ट नमूद आहे. ती ‘वापरलेल्या’ सामानाला आहे, हे ध्यानात ठेवावे. खोक्यातला नवा दूरदर्शन संच वा शीतकपाट बरोबर असेल, तर त्याचे खरेदी बिल जवळ असावे. सामानाची सही केलेली यादी, जुन्या-नव्या पत्त्याचा पुरावा आणि असल्यास बदलीचा आदेश चालकाजवळ दिला, की तपासणीत खोळंबा सहसा होत नाही.

वाहतूकदारावर रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १८६५ चा जुना कायदा मोडीत काढला. सर्वांसाठी भाड्याने मालवाहतूक करणाऱ्याला त्यानुसार नोंदणी आणि माल स्वीकारल्याची पावती देणे बंधनकारक आहे. सामान हरवल्यास वा मोडल्यास वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडे ८,००० रुपये असेल, तर मर्यादा ८०,००० रुपये. त्याहून अधिक किंमत आधीच लेखी जाहीर करून वाहतूकदाराने मागितलेला वाढीव आकार दिला, तरच ही मर्यादा ओलांडता येते. भरपाईचा दावा लावण्यापूर्वी, नोंदणीच्या म्हणजे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्यांची भांडी, देवघर, मुलांची पुस्तके कोऱ्या विश्वासावर परक्याच्या हवाली करणाऱ्या कुटुंबासाठी ही पावती साऱ्या परवान्यांपेक्षा मोलाची आहे. वाहनाच्या विम्यात सामानाचे नुकसान येत नाही. त्यासाठी वाटेतल्या मालाचा वेगळा विमा (ट्रान्झिट विमा) लागतो. ‘विमा’ म्हणून पैसे घेतले असतील, तर विमा कंपनीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

सामान भरल्यावर ठरल्यापेक्षा अधिक रक्कम मागून ते अडवून धरण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी पोलिसांत तक्रार करता येते. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. नाशिकहून नागपूरला गेलेल्या माणसाला त्यासाठी नाशिकच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे व ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ हा ओझी वाहणाऱ्या कष्टकऱ्यांना वेतन व कल्याणाची हमी देणारा महाराष्ट्राचा महत्त्वाचा कायदा आहे. त्याचे नाव पुढे करून सोसायटीच्या फाटकावर धमकावून पैसे उकळणे ही मात्र खंडणी ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो गुन्हा आहे.

काही वस्तू ट्रकमध्ये चढवूच नयेत. दुसऱ्या शहरी जाताना गॅसचे सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि मिळालेल्या कागदावर नव्या गावी जोडणी घ्यावी. गुजरातेत दारूबंदी असल्याने तिकडे जाणाऱ्या सामानात मद्याची बाटली राहू देऊ नये. दुचाकी पाठवताना पेट्रोल काढून टाकावे व तिची कागदपत्रे सोबत द्यावीत. ती परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर नाशिकच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथे नवी नोंदणी करावी लागते.