गेमस्टॉप: शेअर कोणाच्या नावावर, गेम कोणाचा?

२८ जानेवारी २०२१. अमेरिकेत रॉबिनहूड या ब्रोकरचं अ‍ॅप उघडणाऱ्यांना त्या सकाळी गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचा शेअर विकता येत होता, पण विकत घेता येत नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला १७ डॉलरच्या आसपास असलेला हा शेअर त्याच दिवशी ४८३ डॉलरला शिवून खाली आला. पुढच्याच वर्षी या कंपनीने ब्लॉकचेनवरचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीवरचा, बाजार उघडला. या दोन गोष्टींमधला धागा मालकीचा आहे आणि तो बराच जुना आहे.

१९८४ साली डॅलसमध्ये 'बॅबेजेस' नावाने सुरू झालेल्या सॉफ्टवेअरच्या दुकानात गेमस्टॉपचं मूळ आहे. पुढे कंपनी वाढली ती जुन्या गेम्सवर. खेळून झालेली डिस्क काउंटरवर द्यायची, दुकानदार ती उजेडात तिरकी धरून ओरखडे बघणार, त्या बदल्यात पुढच्या गेमवर सूट देणार, आणि नवं लेबल चिकटवून तीच डिस्क पुन्हा फळीवर ठेवणार. या धंद्याला कायद्याचा आधार होता. पुस्तक एकदा विकलं की ते पुढे किती किमतीला विकायचं हे प्रकाशकाने ठरवायचं नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच सांगून ठेवलं होतं. विकत घेतलेली डिस्क त्यामुळे खरोखर घेणाऱ्याची होती.

डाउनलोड आले आणि हा आधार सुटला. पैसे तेवढेच मोजायचे, पण हातात येतो तो फक्त वापराचा परवाना. तो विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या आपल्या नव्या गेम कन्सोलवर डिस्कच्या फेरविक्रीलाही बंधनं घालायचं ठरवलं होतं. खेळाडू इतके संतापले की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. डिस्क मात्र तरीही मागे पडत गेली आणि तिच्याबरोबर गेमस्टॉपही.

मोठ्या फंडांनी मग ही कंपनी बुडणार असं धरून शेअर शॉर्ट केले, म्हणजे पुढे स्वस्तात परत घेता येतील या हिशेबाने उसने घेऊन विकले. उसना शेअर विकत घेणाऱ्याकडून तोच पुन्हा उसना घेता येतो. त्यामुळे शॉर्ट केलेले शेअर कंपनीच्या एकूण शेअरपेक्षाही जास्त झाले. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या किरकोळ गुंतवणूकदारांनी हे हेरलं आणि खरेदी लावून धरली. भाव चढला, तसं शॉर्टवाल्यांनाही मिळेल त्या भावाने शेअर परत घ्यावे लागले. मेल्विन कॅपिटल या फंडाने त्या एका महिन्यात निम्म्याहून जास्त रक्कम गमावली.

खरेदी का थांबली? सौदे तेव्हा दोन दिवसांनी पुरे होत आणि तोवरच्या जोखमीपोटी ब्रोकरला सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग संस्थेकडे ठेव भरावी लागे. त्या दिवशी पहाटे रॉबिनहूडकडे सुमारे ३०० कोटी डॉलर मागितले गेले. कारण खरं होतं, पण स्वतःच्या पैशाने शेअर घेऊ पाहणाऱ्याला दार बंद दिसलं. त्याचा राग मला आजही रास्त वाटतो.

या रागातून लोक नियम वाचायला लागले. आपला शेअर कंपनीच्या नोंदवहीत आपल्या नावावर नसून 'सीड अँड कंपनी' या, सगळ्यांचे शेअर एकत्र सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच्या नामधारी संस्थेच्या नावावर आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ही व्यवस्थाही उगाच आलेली नाही. १९६८ मध्ये कागदी प्रमाणपत्रांचे ढीग उरकेनात म्हणून न्यूयॉर्कचा शेअर बाजार कित्येक महिने बुधवारी बंद ठेवावा लागला होता. त्यावरचा उपाय म्हणून १९७३ मध्ये मध्यवर्ती डिपॉझिटरी आली. आपल्याकडे डिमॅट खातं निदान डिपॉझिटरीत प्रत्येकाच्या नावाने असतं, तिथे मधल्या ब्रोकरच्या वहीवर विसंबावं लागतं. मग गेमस्टॉपचे भागधारक शेअर कॉम्प्युटरशेअर या कंपनीची भागधारकांची वही सांभाळणाऱ्या संस्थेकडे थेट आपल्या नावावर करून घेऊ लागले आणि खात्यातल्या जांभळ्या वर्तुळाचे फोटो एकमेकांना दाखवू लागले. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस असे सुमारे ७.२ कोटी शेअर होते, एकूण शेअरच्या जवळपास चौथा हिस्सा.

नाव कोणालाही खोडता येणार नाही अशी वही म्हणून याच लोकांना ब्लॉकचेन भावलं. जुलै २०२२ मध्ये गेमस्टॉपने एनएफटीचा, म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीची ब्लॉकचेनवर नोंद असलेल्या टोकनचा, बाजार उघडला, तेव्हा डाउनलोड केलेला गेमही पूर्वीच्या डिस्कसारखा विकता येईल, अशी आशा होती. प्रत्यक्षात तिथे चित्रंच जास्त विकली गेली. मोठ्या प्रकाशकांना फेरविक्री नकोच होती. स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने २०२१ मध्येच ब्लॉकचेनवरच्या गेम्सना बंदी घातली होती. शिवाय टोकन माझ्या नावावर असलं, तरी गेम चालतो तो कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हरचा खटका वहीत नसतो.

क्रिप्टोबद्दलच्या नियमांची अनिश्चितता हे कारण देऊन गेमस्टॉपने २ फेब्रुवारी २०२४ला तो बाजार बंद केला. दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३१ मार्चला युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले. ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती, त्यांनाही तो खेळता येईना.