पडल्याशिवाय मणका मोडत नाही?

"आई पडलीच नाही, तर हाड कसं मोडेल? वयानं पाठ वाकतेच." हा समज चुकीचा आहे. हाडं ठिसूळ झाली की भरलेली बादली उचलताना, अगदी खोकतानाही मणका दबून मोडतो. दुखणं कधी किरकोळ, कधी नसतंच. म्हणून असे सुमारे दोनतृतीयांश फ्रॅक्चर निदानाविनाच राहतात.

आईला भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं करा. डोकं मागे टेकत नाही? खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यात जेमतेम दोन बोटं मावतात? तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटीमीटरने घटलीय? मग मणक्यांचा एक्स-रे काढाच. एक मणका दबला की दुसऱ्याचा धोका बराच वाढतो, आणि तो कमी करणारी औषधं आहेत.